दापोडीचा खरा आकडा

उद्धवराव सोळंके मूळचे अंबाजोगाईकडचे. नोकरी हैदराबादेत. छप्पन्न साली राज्यांची नवी मांडणी झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि उद्धवरावांची बदली पुण्याच्या सांख्यिकी खात्यात झाली. वय अठ्ठावीस, अंगात खादीचा शर्ट, हातात कापडी पिशवी, आणि समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घ्यायची सवय. या सवयीनं त्यांना खात्यात अडचणीची कामं मिळत.

अठ्ठावन्न सालच्या फेब्रुवारीत त्यांना मिळालेलं काम असंच होतं. राज्याचं उत्पन्न किती, याचा अंदाज खातं काढत होतं. शेतात काय पिकलं, कारखान्यात काय तयार झालं, दुकानांतून काय विकलं गेलं, हे कसंबसं मोजता येई. एक खण मात्र रिकामा राही. चार माणसं एकत्र येतात, मंडळ काढतात, नफा घेत नाहीत आणि लोकांच्या घरांना काहीतरी पुरवतात. कुठं दवाखाना, कुठं वाचनालय, कुठं धर्मशाळा. यातलं काही विकलं जात नाही, मग त्याची किंमत काय धरायची?

"जेवढा खर्च तेवढी किंमत," साहेबांनी सांगितलं. "मंडळानं गेल्या वर्षात लोकांसाठी काय खर्च केला, तेवढंच विचारून या. दापोडीपासून चाकणपर्यंतचा पट्टा तुमचा. मध्ये आळंदीही घ्या."

काम सोपं वाटलं. उद्धवराव सकाळच्या लोणावळा गाडीनं दापोडीला उतरले आणि स्टेशनबाहेरच्या हॉटेलात चहा घेता घेता त्यांनी मालकाला आपलं काम सांगितलं. "सरकार मंडळांच्या खर्चाचा अंदाज घेतंय," एवढंच ते म्हणाले. पण हॉटेलातून हे वाक्य निघालं ते दोन तोंडांनी निघालं. तालमीकडं ते पोचलं ते असं, की जे मंडळ जास्त खर्च करतं त्याला सरकार अनुदान देणार. आणि विहिरीवर पोचलं ते असं, की जे मंडळ खर्च करतं त्याच्यावर सरकार कर बसवणार.

तालमीत त्यांची वाटच बघत होते हिंदुराव काटे. पन्नाशीचे, रुंद छातीचे, एके काळी कुस्तीचं मैदान गाजवलेले. आता ते तालमीला लागून असलेल्या खोलीत भांडी मंडळ चालवत. दापोडीत आणि आसपास कुणाच्याही घरी लग्न असो, बारसं असो की तेरावं, मंडळाची भांडी फुकट जात. खोलीत हंडे, पातेली, पराती, ताटांच्या चवडी, दोन गॅसबत्त्या आणि सतरंज्यांचे गठ्ठे रचून ठेवलेले होते.

"वर्षाचा खर्च किती होतो?" उद्धवरावांनी विचारलं.

हिंदुरावांनी मिशीवरून हात फिरवला. "सहा हजार."

उद्धवरावांचा टाक थांबला. "सहा हजार रुपये?"

"व्हय साहेब. कल्हई हाय, मोडतोड हाय, गाडीभाडं हाय. वर्गणी येती तशी जाती. सहा लिहा, कमी नको."

उद्धवरावांनी आकडा लिहून घेतला आणि पलीकडच्या गल्लीत गेले. तिथं महिला मंडळाचं बाळंतघर होतं. दापोडीच्या सरकारी वर्कशॉपमध्ये आणि पिंपरीच्या नव्या कारखान्यांत कामाला आलेली कुटुंबं एकेका खोलीत राहत. सासू नाही, आई नाही, घरात बाळंतपण करायचं कुणी? म्हणून गावातल्या बायकांनी दोन खोल्या घेऊन चार खाटा टाकल्या होत्या. सुमनताई नावाची शिकलेली नर्स तिथं पगारावर राहत होती. मंडळाच्या अध्यक्ष होत्या मंजुळाबाई. ठेंगण्या, चपळ, डोक्यावरचा पदर कानामागं खोचलेला. ओट्यावर बसून त्या अळीव निवडत होत्या.

"खर्च?" त्या म्हणाल्या. "कसला खर्च भाऊ? आमी काय बी खर्च करत न्हाई."

"नर्सबाईंचा पगार?"

"ती आपली राहती. लेकीसारखी."

आत कपडे घड्या करणाऱ्या सुमनताईंना जोराचा खोकला आला.

"आणि हे अळीव?"

"हे व्हय? हे... माझंच हाय. मला लई आवडतं."

उद्धवरावांनी समोरच्या सुपाकडं पाहिलं. त्यात शेर-दीड शेर अळीव होतं. शून्य लिहिलं आणि उठले.

बारा वाजून गेले होते. रस्त्यात हिंदुरावांनी त्यांना गाठलं. "जेवल्याबिगर जायचं न्हाई," म्हणत त्यांनी उद्धवरावांना हाताला धरून घरी नेलं. दारातून हाक मारली, "अगं, सरकारी पाव्हणं आल्यात, पानं वाढ."

पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या त्या मंजुळाबाई.

उद्धवरावांना बघून त्या उंबऱ्यातच थबकल्या. मग हिंदुरावांनी विचारलं, "तू काय सांगितलंस यास्नी?"

"तुमी काय सांगितलंत?"

"सहा हजार."

मंजुळाबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, कर बसंल! घर विकावं लागंल!"

"कर न्हवं, अनुदान! तू किती सांगितलंस?"

"काय न्हाई म्हणून सांगितलं."

"घालवलंस अनुदान!"

उद्धवराव हसू आवरून सांगू लागले, की कर नाही आणि अनुदानही नाही, नुसता अंदाज आहे. पण दोघांच्या वादात त्यांचं बोलणं कुणाच्या कानापर्यंत गेलंच नाही. पहिला घास तोंडात जातोय तोच सुमनताई धावत आल्या. वर्कशॉपमधल्या एका फिटरची बायको शालनबाई टांग्यातून आली होती. पहिलटकरीण, कळा जोराच्या, आणि बाळंतघराचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब सकाळपासून बुडाशी गळत होता.

"चुलीवरची दोन पातेली पुरणार नाहीत," सुमनताई म्हणाल्या. "भरपूर गरम पाणी पाहिजे."

मंजुळाबाई नवऱ्याकडं वळल्या. "मोठा हंडा द्या."

हिंदुरावांचा चेहरा पडला. "हंडा कासारवाडीला चाललाय. लग्न हाय उद्या. गाडी आत्ताच सुटली. मी शब्द दिलाय त्यांना."

"शब्द तुमी दिलाय. पोर काय मला इचारून यायला निघालं न्हाई."

हे ऐकून उद्धवराव उठले. हात धुवायचंही भान राहिलं नाही. उष्ट्या हातानं धोतराचा सोगा सावरत ते हमरस्त्यानं पळत सुटले. बैलगाडी रेल्वेच्या फाटकाशी अडली होती म्हणून सापडली. गाडीवान हंडा द्यायला तयार होईना. "हिंदुराव पैलवानानं सांगितलंय, कासारवाडीशिवाय खाली उतरवायचा न्हाई."

"मी सरकारी माणूस आहे," उद्धवराव धापा टाकत म्हणाले. नोकरीच्या सहा वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच वापरलं होतं. गाडीवानानं त्यांच्या बोटांना लागलेल्या आमटीकडं पाहिलं. पण तेवढ्यात मागून हिंदुराव स्वतःच पळत येताना दिसले. "उतरव, उतरव!" ते लांबूनच ओरडत होते.

दोघांनी हंडा उतरवून मधोमध धरला आणि उलट निघाले. वडाखाली नूरमोहम्मद कल्हईवाल्यांची भट्टी पेटलेली होती. दापोडीतली निम्मी भांडी त्यांच्या हातून चकचकीत होत. काय झालं ते दोन शब्दांत कळताच त्यांनी हातातली परात बाजूला ठेवली.

"चुलीवर एवढं पाणी तापायला वेळ लागंल. हितंच ठेवा," ते म्हणाले. "माझा भाता कशाला हाय?"

पोरंबाळं, रिकामी माणसं, सगळी कळशा घेऊन पळाली. हंडा भरला. नूरमोहम्मदांनी भाता धरला आणि निखारे लालबुंद झाले. भात्यावर ते दमले की हिंदुराव बसत, हिंदुराव दमले की उद्धवराव. पाणी उकळलं तशा बादल्या बाळंतघराकडं जाऊ लागल्या. उद्धवरावांनी किती खेपा केल्या त्यांनाच कळलं नाही. दाराशी बादली ठेवायची, आतून मंजुळाबाईंचा हात यायचा आणि रिकामी बादली बाहेर यायची.

उन्हं कलली तेव्हा आतून रडण्याचा आवाज आला. बारीक, पण चांगला खणखणीत. मंजुळाबाई बाहेर आल्या. पदर ओला, केस विस्कटलेले.

"मुलगी झाली. दोघी खुशाल हायती."

भिंतीला टेकून बसलेला शालनबाईंचा नवरा उठला आणि काय करावं न सुचून त्यानं उद्धवरावांना मिठी मारली. उद्धवरावांच्या शर्टावर कोळशाचे हात उमटले होते आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. धुरानं, असं ते म्हणाले. हंडा घासूनपुसून दिवे लागायच्या आत कासारवाडीला गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याच हंड्यात लग्नाचा भात शिजला.

निघताना उद्धवरावांनी दोघा नवराबायकोला सांगितलं, की आठवड्यानं येतो, तोवर खरा खर्च आठवून ठेवा.

आठवड्यानं ते स्टेशनबाहेर आले तर दोघंही त्यांच्या वाटेवरच उभी होती. हिंदुरावांचा आवाज खाली गेला होता. मंजुळाबाईंच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

झालं होतं असं. सहा हजारांचा आकडा लिहून दिल्याच्या आनंदात हिंदुरावांनी तो हॉटेलातही सांगितला होता. भांडी मंडळाचा दुसरा कारभारी मालोजी, स्वभावानं सरळ आणि तोंडानं फटकळ. त्यानं चार माणसांसमोर विचारलं होतं, "वर्गणी जमती हजाराच्या आत. सहा हजार खर्च झालं तर वरचं पाच आलं कुठनं? आन आलं असतील तर गेलं कुठं?" आता तालमीतली माणसं हिंदुरावांशी मोजकंच बोलत होती.

तिकडं विहिरीवर मंजुळाबाईंनी हौसेनं सांगितलं होतं, की सरकारला शून्य लिहून दिलं. ते वाण्याच्या सावित्रीबाईंच्या कानावर गेलं. सावित्रीबाई दर महिन्याला बाळंतघराला धान्य आणि पैसे देत. त्यांनी निरोप पाठवला होता, "खर्च काहीच नसेल तर मी देते ते कुठं जातं, एवढं कळवा."

"साहेब," हिंदुराव म्हणाले, "खोटं बोललो. चुकलं. पर मी एक पैसा खाल्ला न्हाई."

"मी बी न्हाई," मंजुळाबाई म्हणाल्या. "करापायी भ्याले. आता तुमीच खरा आकडा काढून द्या. आमी सांगितलेला कुणी मानणार न्हाई."

उद्धवराव विचारात पडले. दोन्ही मंडळांचा हिशेब म्हणजे तोंडी कारभार. हिंदुराव सगळं लक्षात ठेवत आणि मंजुळाबाई सगळं सुमनताईंवर सोपवत. खरं सांगायचं तर खात्याला दोन्ही आकडे दुरुस्त करून मिळाले असते तरी पुरे होतं. पण समोरची दोघं अशी उभी होती, की नुसतं दुरुस्त करून निघून जाणं उद्धवरावांना जमेना.

"घेणाऱ्यांना विचारू," ते म्हणाले. "ज्या घरांना मिळालं त्या घरांत जाऊ. चला माझ्याबरोबर."

तीन दिवस तिघं घरोघर हिंडली. पहिल्या दिवशी लोक बिचकले. दुसऱ्या दिवशी मागं माणसं लागली. कुणाच्या लग्नाला किती ताटं गेली, किती परत आली, कुठली परात कुणाच्या म्हशीनं चेपली, सगळं बाहेर येऊ लागलं. एका घरी तर हिंदुरावांना मंडळाची सतरंजी पाळण्याखाली अंथरलेली सापडली. बाळ झोपलं होतं म्हणून त्यांनी ती तशीच राहू दिली.

बायकांच्या आठवणी जास्त पक्क्या होत्या. "माझ्या थोरल्याच्या वक्ताला सुमनताईनं पुण्याहून औषध आणलं," एक सांगे. "मला पाच दिवस शिरा दिला," दुसरी सांगे. नूरमोहम्मदांची सून ताजुन्निसा हिनं दारातूनच सांगितलं, "आम्हाला दुपटी दिली, टोपडं दिलं. आणि मंजुळाबाई रात्रभर उशाशी बसल्या. ते पण लिहिणार का?"

उद्धवरावांनी मान हलवली. "दुपटं-टोपडं लिहितो. बसण्याचे पैसे दिले नाहीत ना कुणी, ते लिहिता येत नाही."

"मग तुमचं माप अपुरं आहे, भाईसाहेब," ताजुन्निसा हसत म्हणाली.

"आहे खरं," उद्धवरावही हसले. "साहेबांनाही सांगतो."

नूरमोहम्मद बाजूलाच होते. त्यांनी विचारलं, "मंडळाच्या कल्हईचे मी निम्मे पैसे घेतो. उरलेले निम्मे कुणाच्या नावावर?"

"कुणाच्याच नाही, चाचा. दिले गेले तेवढेच धरायचे."

"लई चांगलं," नूरमोहम्मद म्हणाले. "न्हाईतर पुण्यातली गिऱ्हाइकं बी निम्म्या दरात मागतील."

चौथ्या दिवशी संध्याकाळी तालमीपुढच्या पटांगणात लोक जमले. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. मालोजी हाताची घडी घालून पुढंच बसला होता. सावित्रीबाई खुर्चीवर. हिंदुरावांनी आयुष्यात शेकडो माणसांसमोर लंगोट कसून शड्डू ठोकला होता. पण आज त्यांना उभं राहवेना. ते दाराच्या उंबऱ्यावर बसले.

उद्धवरावांनी घसा साफ केला. आधी त्यांनी सांगितलं, की यात कर नाही आणि अनुदानही नाही. बायकांकडून सुटकेचा आवाज आला आणि पुरुषांकडून निराशेचा.

"भांडी मंडळ," ते म्हणाले. "कल्हई, गाडीभाडं, दुरुस्ती, नवी ताटं, गॅसबत्तीचं तेल, खोलीचं भाडं. गेल्या वर्षी मिळून नऊशे बारा रुपये. जमलेली वर्गणी नऊशे. वरचे बारा रुपये हिंदुरावांनी घरातून घातलेत."

मालोजीनं हाताची घडी सोडली. उठून तो उंबऱ्यापाशी गेला. "पैलवान," तो म्हणाला, "बारा रुपयं घातलं ते सांगायचं सोडून सहा हजार कशाला सांगत बसलास?"

"बारा सांगायला लाज वाटली," हिंदुराव म्हणाले. सगळं पटांगण हसलं. मालोजीनं हात देऊन त्यांना उभं केलं.

"आता बाळंतघर," उद्धवराव पुढं म्हणाले. "सुमनताईंचा पगार, औषधं, सरपण, दुपटी, बाळंतिणींचं खाणं, दोन खोल्यांचं भाडं. मिळून तेराशे चाळीस रुपये."

बायकांच्या बाजूला कुजबुज झाली. मंजुळाबाईंनी आधी सुमनताईंकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. "म्हंजी यांच्यापरीस जास्त?"

"चारशे अठ्ठावीस रुपयांनी जास्त."

मग ज्या टाळ्या पडल्या त्या बायकांच्याच होत्या. सावित्रीबाईंनी खुर्चीवरून जाहीर केलं, की धान्य चालूच राहील आणि अळीवही त्या स्वतःच पाठवतील, म्हणजे मंजुळाबाईंना आपलं आवडतं म्हणून सांगावं लागणार नाही. सुमनताईंनी तोंडाला पदर लावला. हिंदुराव सगळ्यांकडं बघत मोठ्यानं म्हणाले, "दोन्ही आकडे एकाच घरातले हायती, ध्यानात ठेवा!"

हशा ओसरल्यावर मालोजीनं विषय काढला. शालनबाईंच्या बाळंतपणात पाण्यासाठी जी धावपळ झाली ती पुन्हा होऊ नये, म्हणून भांडी मंडळानं बाळंतघराला नवा तांब्याचा बंब घेऊन द्यावा. हात वर झाले. हिंदुरावांचा सगळ्यांत आधी.

"नको," मंजुळाबाई म्हणाल्या.

"का गं?"

"बंबाचे पैसे तुमच्या खर्चात जाणार. मग तुमचा आकडा माझ्यापुढं जाईल."

"नाही जाणार," उद्धवराव म्हणाले. "मी मोजलं ते गेल्या वर्षाचं. बंब यंदाच्या खर्चात. शिवाय तो तुम्हाला दिलेला, घराघरांत वाटलेला नाही. एका मंडळानं दुसऱ्याला दिलं ते दोनदा धरत नाहीत."

हिंदुरावांनी डोळे बारीक केले. "म्हंजी बंब दिला तरी आमच्या आकड्यात काय बी पडणार न्हाई?"

"काहीच नाही."

पैलवानांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि हात खाली सोडला. त्यांचा चेहरा बघून मंजुळाबाईच आधी हसल्या, मग पटांगण हसलं, आणि शेवटी तेही. "जाऊ दे," ते म्हणाले. "चांगला जाड पत्र्याचा घ्या. स्वस्तातला नको. उद्या नूरभाईला घिऊन मीच पुण्याला जातो."

त्या रात्री उद्धवराव काट्यांकडंच जेवले. या वेळी पुरतं जेवले. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि शेवटी शालनबाईंच्या घरून आलेले पेढे. पुण्याला गेल्यावर त्यांनी दोन्ही आकडे साहेबांपुढं ठेवले आणि खाली स्वतःहून एक टीप जोडली, की या संस्थांत बिनपगारी कामाचा मोठा भाग असून तो सध्याच्या मापात येत नाही. साहेबांनी टीप दोनदा वाचली. "हे कुणी सुचवलं?" त्यांनी विचारलं. "दापोडीच्या एका बाईंनी," उद्धवराव म्हणाले. साहेबांनी टीप राहू दिली.

पुढच्या सोमवारी उद्धवराव बसनं आळंदीला गेले. इंद्रायणीच्या घाटाजवळच्या एका धर्मशाळेचे व्यवस्थापक आबाजी ओसरीवर चष्मा पुसत बसले होते. उद्धवरावांनी नमस्कार केला, ओळख सांगितली, पिशवीतून कागद काढले आणि विचारलं, "गेल्या वर्षात धर्मशाळेचा खर्च साधारण किती झाला?"

आबाजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला, इकडंतिकडं पाहिलं आणि पुढं वाकून हळूच म्हणाले, "सांगतो की. पण आधी मला सांगा, दापोडीचा किती निघाला?"